बोटांना कळणारा लॅपटॉप

ताईनं त्याला छोटू म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो रांगत होता. आता तो चौपन्न वर्षांचा होता, सहा फूट उंच होता आणि शहराच्या बस चालवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. तरी ताईच्या तोंडी छोटू तो छोटूच राहिला आणि तिच्यामुळे बायकोच्या आणि डेपोतल्या लोकांच्याही. नवा कुणी कंडक्टर हसला, तर छोटू त्याला खुशाल हसू द्यायचा.

ताई अकरा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. टायपिंग शिकून ती कोर्टात चिकटली आणि घर तिनं अंगावर घेतलं. छोटूची शाळा, आईचं आजारपण, छोटूचं लायसन्स, त्याचं लग्न, सगळं तिनं निभावलं. स्वतःच्या लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, राहून गेलं. जसं काही बाजारातून साबण आणायचा राहून जावा.

निवृत्त झाली आणि वर्षभरात तिची नजर अधू व्हायला लागली. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळे. ती रडली-भेकली नाही. खोलीतून मोरीपर्यंत किती पावलं, कपाटाच्या कुठल्या कप्प्यात काय, सगळं तिनं पाठ करून टाकलं. घड्या तर छोटूच्या बायकोपेक्षा सुबक घालायची. पण दिवसच्या दिवस खिडकीशी बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि ते घरात सगळ्यांना दिसत होतं.

एका सकाळी रेडिओवर बातम्या चालू होत्या. छोटूच्या बायकोनं त्याला खुणेनं बोलावलं आणि ताईच्या हातांकडे बोट दाखवलं. टेबलाच्या लाकडावर ताईची दहाही बोटं चालली होती. निवेदिका थांबली की बोटं थांबत.

"वन्सं बातम्या टाइप करताहेत," बायको हळूच म्हणाली.

छोटू त्या दिवशी बस घेऊन निघाला, पण मनातून ती बोटं जाईनात.

कोर्टातल्या एक वकीलबाई अधूनमधून ताईला फोन करायच्या. त्यांच्याकडून ताईला कळलं होतं, की आता लॅपटॉप स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो आणि दाबलेलं अक्षरही बोलून सांगतो. वकीलबाईंनी हेही सांगितलं होतं, की त्यांचे मसुदे त्या फोनवर बोलून ठेवतात आणि ते नीट टाइप करून देणारं माणूस त्यांना मिळत नाही. जमलं तर ताईनं करावं. ताईनं हे घरात एकदा सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही. तिची मागण्याची पद्धतच ती. छोटूला कळायला महिना लागला, पण कळलं तेव्हा त्यानं ठरवून टाकलं, की ताईला लॅपटॉप घ्यायचा आणि तोही कोरा करकरीत, दुकानातला सगळ्यात नवा.

सुट्टीच्या दिवशी तो तिला मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेला. विकणारा तरुण चुणचुणीत होता, पण सगळं बोलणं छोटूशी करत होता. याचं वजन किती कमी, हा किती पातळ, हा किती पटकन चालू होतो. मग आवाज खाली आणून त्यानं छोटूला विचारलं, "यांना कितपत दिसतं?"

"यांना ऐकू मात्र चांगलं येतं," ताई म्हणाली.

तो ओशाळला आणि त्यानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. ताईनं बोटं ठेवली. बटणं पत्र्यासारखी सपाट होती आणि दाबली तरी जेमतेम हलत होती. तिची बोटं एकीकडून दुसरीकडे घसरत गेली, परत आली, पुन्हा घसरली. एक ओळ लिहून तिनं हात मांडीवर घेतले.

"चांगला आहे," ती म्हणाली.

हे 'चांगला आहे' छोटूच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्याच्या बायकोनं भाजीत दोनदा मीठ घातलं होतं, तेव्हाही ताई असंच म्हणाली होती. तरी त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तरुणाला म्हणाला, की हाच बांधून ठेवा, उद्या घेऊन जातो. ताईनं त्याचा दंड धरला. वकीलबाईंनी आणखी एका ठिकाणाचं नाव घेतलंय, ती म्हणाली, तिथेही एकदा जाऊन येऊ.

ते ठिकाण म्हणजे गल्लीतला एक गाळा होता. तिशीतली एक बाई तिथे जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायची. टेबलावर बरण्यांच्या झाकणांत वेगवेगळे स्क्रू ठेवलेले, भिंतीला उघडे पडलेले कीबोर्ड टांगलेले. तिनं ताईला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि पहिला प्रश्न थेट तिलाच केला.

"मावशी, बोटं जोरात मारता की हलक्या हातानं?"

"तीस वर्षं टाइपरायटर बडवलाय," ताई म्हणाली. "आता तूच समज."

दुरुस्तीवाली हसली आणि खालच्या फळीवरून एक जाडजूड, काळा लॅपटॉप काढून तिनं पुढ्यात ठेवला. कुठल्यातरी ऑफिसात सात-आठ वर्षं राबलेला. एक कोपरा टवका उडालेला, झाकणावर कुणीतरी खरवडून काढलेल्या स्टिकरचे डाग. छोटूनं नाक मुरडलं. बाईनं काही झाकून ठेवलं नाही. बॅटरी दमलेली आहे, ती बदलून देते, म्हणाली. झाकणाची बिजागरी सैल होती ती घट्ट केली आहे. आत मेमरी वाढवली आहे, त्यामुळे बोलणारा प्रोग्रॅम अडखळणार नाही. पण वजनाला हा जड आहे आणि वर्षानुवर्षं टिकेल असं मी तोंड भरून सांगणार नाही.

ताईनं बोटं ठेवली. इथली बटणं मधोमध किंचित खोलगट होती, बोटाचं टोक त्यात बसत होतं. तिनं एक दाबून पाहिलं. ते खालपर्यंत गेलं आणि टक् वाजलं. मग तिनं पाठ ताठ केली, कोपरं अंगाशी घेतली आणि लिहायला लागली.

छोटू दारात उभा होता. तो आवाज त्यानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी शाळा सुटली की तो कोर्टाच्या मागच्या खोलीत ताईच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचा, आणि डोक्यावर हाच आवाज चालू असायचा. तो थांबला की समजायचं, आता घरी निघायचं. मनातलं लपवायला तो रागावला.

"जुनं काय ते कायम तुझ्याच वाट्याला का ग?" तो म्हणाला. "नवे कपडे मला, नवी सायकल मला. आज माझ्या हातात आहे तर मला घेऊ दे ना तुला नवं काहीतरी."

दुरुस्तीवाली उगाचच स्क्रू निवडायला लागली. ताईनं हात थांबवले, पण बटणांवरून उचलले नाहीत.

"तेव्हा मी जुनं घेत होते, कारण नवं तुला द्यायचं होतं," ती म्हणाली. "आज घेतेय ते मला आवडलं म्हणून. तो दुसरा बोटांना कळतच नाही रे. हा कळतो."

आयुष्यात पहिल्यांदाच, कुणासाठी तडजोड न करता, ताईनं स्वतःसाठी काहीतरी पसंत केलं होतं, आणि छोटू तिच्याशी भांडत होता. त्यानं पुढे होऊन लॅपटॉपचं वजन हातानं अजमावलं आणि दुरुस्तीवालीला म्हणाला, "पिशवी जरा दणकट द्या."

घरी आल्यावर एक अडचण निघाली. बोटांना जागा कळावी म्हणून मधल्या ओळीतल्या दोन बटणांवर जो बारीक उंचवटा असतो, तो आधीच्या मालकानं झिजवून सपाट केला होता. गाळ्यात ताईच्या ते लक्षात आलं नव्हतं. घरी मात्र हात उचलून परत ठेवला की एक घर चुके आणि अख्खं वाक्य भलतंच उमटे. छोटूच्या बायकोनं आपली नेलपॉलिशची बाटली आणली आणि दोन्ही बटणांवर एकेक थेंब ठेवला. वाळेपर्यंत तिघं त्या दोन थेंबांभोवती बसून होती. मग ताईनं बोटं फिरवून पाहिली आणि भावजयीच्या गालाला हात लावला.

पुढचे दोन महिने सोपे गेले नाहीत. बोलणारा आवाज इतका भरभर बोले, की छोटूला एक अक्षर कळत नसे. ताईनं मात्र तो हळू करायच्या ऐवजी आणखी वाढवून घेतला. एकदा दोन पानं लिहून झाल्यावर कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळं नाहीसं झालं. त्या दुपारी ती जेवली नाही. छोटूनं ड्युटीवरून आल्यावर दुरुस्तीवालीला फोन लावला. आपल्याला हे विचारायचंही कसं ते माहीत नाही, असं सांगून तो फोन ताईच्या हातात देऊन बसला. अर्ध्या तासानंही पानं सापडली नाहीत, पण पुन्हा जाऊ नयेत म्हणून काय करायचं ते ताईला आलं.

शेवटी वकीलबाईंनी पहिला मसुदा बोलून पाठवला. ताईनं तीन दिवस खपून तो पुरा केला. पाठवण्याआधी छोटूनं तो डोळ्यांनी वाचायचा असं ठरलं. छोटूनं ट्रॅफिकच्या पाट्यांपलीकडे वर्षानुवर्षं काही वाचलं नव्हतं, पण चष्मा पुसून तो बसला. त्याला काही चूक सापडली नाही. मसुदा गेला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. काम फार छान झालंय, पुढचं आजच पाठवते, त्या म्हणाल्या. फक्त दोन आडनावं चुकलीत, तेवढी मी केली दुरुस्त. यापुढे नावांची यादी लिहून सोबत पाठवत जाईन.

छोटूला वाटलं, आता ताई खूश होईल. ताईचा चेहरा मात्र पडला.

"सगळ्या नोकरीत एका पानावर दोन चुका मी कधी जाऊ दिल्या नाहीत," ती म्हणाली. "तू वाचलंस की नुसता बघत होतास?"

"वाचलं. मला वाटलं, लोकांची आडनावं असतात अशी."

ताई हसायला लागली. छोटूच्या बायकोनं हातातलं काम टाकून दारातून डोकावून पाहिलं, कारण असं हसणं त्या घरात बऱ्याच दिवसांत ऐकू आलं नव्हतं. हसू ओसरल्यावर ताईनं खुर्ची पुढे ओढली आणि छोटूला शेजारी बसायला सांगितलं. नवा मसुदा आणि नावांची यादी आलीच होती. यादीतली सगळी आडनावं आधी त्यानं अक्षर-अक्षर सुटं करून वाचायची आणि तिनं लिहायची.

छोटूनं चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचायला घेतलं.