आ करा

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते लेखकबुवांच्या बाबतीत तंतोतंत खरं ठरलं. उभी हयात त्यांनी कागद काळे केले, कुत्रं विचारत नव्हतं. मग एका विनोदी कथेनं नशीब फळफळलं, हार-तुरे झाले आणि वर्ष सरायच्या आत दाढेनं डोकं वर काढलं.

आता दाढ काय, कुणाचीही दुखते. पण ती कथा होती दातांच्या डॉक्टरवर! हात थरथरणारा डॉक्टर, धरायला जातो एक दात आणि उपटतो शेजारचा. लोक पोट धरधरून हसले. थरथर बुवांच्या डोक्यातली, शुद्ध थाप. बाकी टक्कल, हिरवा पडदा, काम करताना गुणगुणणं, सगळं आपल्याच डॉक्टरांचं जसंच्या तसं उचललेलं. गावानं ओळखायचं ते ओळखलं.

तेव्हापासून संपादक मागे लागले होते, "असंच झणझणीत आणखी एक होऊन जाऊ द्या!" आणि बुवांना एक ओळ सुचेना. ती कथा म्हणजे नुसती बोलाफुलाला गाठ होती, हे लोकांना कळलं तर? या धास्तीनं ते टेबलाकडे फिरकतही नव्हते.

"गाल बघा केवढा सुजलाय," बायको म्हणाली. "जा की डॉक्टरांकडे."

"दुसरा कुणी बघू."

"दुसरा आहे कुठे जवळपास? एवढी भीती वाटते तर लिहायचं कशाला हो?"

गेले बिचारे. एरवी जिथे बसायला जागा मिळायची नाही, तिथल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. डॉक्टरांची बायको काउंटरवर विणत बसली होती.

"या भावजी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी जागाच जागा आहे."

बुवा मान खाली घालून आत गेले. डॉक्टर आज गुणगुणत नव्हते. भुलीची सुई कधी टोचली ते बुवांना कळलंसुद्धा नाही. जीभ जड झाली, गालात कापूस बसला आणि मग डॉक्टर म्हणाले, "वाचली बरं का तुमची कथा."

मेलो, बुवा मनात म्हणाले.

डॉक्टरांनी उजवा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी थरथरत होती.

"तुम्हाला कसं कळलं हो? मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"अं... अं..." बुवांच्या तोंडून एवढंच निघालं.

"हत्यार हातात आलं की थांबतं. अजून तरी थांबतं. पण तुमच्या कथेनंतर विश्वास कोण ठेवणार? महिनाभरात तुम्हीच पहिले आलात." डॉक्टर खाली बघत म्हणाले, "जायचं तर जा. मी रागावणार नाही. तुम्हीच लिहिलंत, तर तुमचा तरी विश्वास कसा बसावा?"

बुवांना ओरडून सांगायचं होतं, अहो, थाप होती ती, मला काहीच ठाऊक नव्हतं! जीभ हलेना. आणि हलली असती तरी आता उपयोग काय होता? हसून झालं होतं लोकांचं.

दार उघडंच होतं. बाहेर विणायच्या सुया थांबल्या होत्या. उठावं आणि पळत सुटावं, असं बुवांना फार वाटलं. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, मान मागे टेकली आणि डॉक्टरांनी न सांगताच मोठा आ केला.

गार पक्कड आत आली. दाढेवर बारीक टकटक ऐकू यायला लागली. थरथरतोय तो डॉक्टरांचा हात की आपलाच जबडा, ते बुवांना कळेना. तोंड मात्र त्यांनी मिटलं नाही.