छप्पन्न किलो चारशे

माझ्या पर्समध्ये दोन अर्ज होते आणि त्यांतला एकच शनिवारपर्यंत पोचवायचा होता. दोन्ही नर्सिंगचे. पोचायचं ठिकाणही एकच: रुग्णाला स्वतः तपासणारी, औषधाची मात्रा स्वतः बदलणारी, वरच्या शिक्षणाची नर्स. पहिला रस्ता तीन वर्षांचा, दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांना थेट तिथवर नेणारा. दुसरा सहा वर्षांचा: दोन वर्षं साधं नर्सिंग, दोन वर्षं वॉर्डात नोकरी आणि मग पुढचं शिक्षण. माझं वय एकेचाळीस. सोळा वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधन केलेलं.

"तीन वर्षांचाच भर," दादा फोनवर म्हणाला. "सहा वर्षांनी तुला स्वतःलाच नर्स लागेल."

"तेव्हा घरचीच असेल की."

तो हसला. मग, आई गेल्यापासून प्रत्येक फोनमध्ये विचारतो तसं, 'जेवलीस का?' विचारलं.

दोन्ही अर्जांना शिफारसपत्र हवं होतं, आणि ते मागावं असं माणूस एकच होतं: हृदयविकाराच्या बाह्यरुग्ण विभागातल्या, याच वरच्या शिक्षणाच्या सिस्टर. त्यांच्या खिशात कायम बोटाएवढी टॉर्च असायची, म्हणून आई त्यांना टॉर्चबाई म्हणे. "ती बघायला लागली ना, की वाटतं मी म्हणजे परीक्षेचा पेपर आहे," आई सांगायची. "पण पास करायचं ठरवूनच तपासते हो."

पत्र मागण्याआधी मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती ऐकल्यावर त्या पत्र देतील की नाही, याची खात्री नव्हती.

आईचं हृदय अशक्त झालं होतं. अंगात पाणी साठू लागलं तर लवकर कळावं म्हणून तिनं रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, असं ठरलं होतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी वही बघायची. एका बुधवारी तीन आकडे एकाखाली एक होते: ५४.२, ५४.४, ५६.४. एका दिवसात दोन किलो? आईचा हात तेव्हा थरथरायचा. चारच लिहायचा असेल, सहा झाला, असं मी धरलं. लाल पेनानं सहा खोडला आणि समासात चार लिहिला. आई समोरच्या खुर्चीत बसली होती. मी तिला विचारलंही नाही. सोळा वर्षं मी अशाच चुका दुरुस्त करत आले होते. ज्या ओळी इतरांशी जुळत नाहीत, त्यांच्यावर पेन आपोआप जायचं.

गुरुवारी सकाळीच तपासणी होती, त्यामुळे घरी वजन झालं नाही. मी वही पुढे केली. सिस्टरांनी ती न उघडता आईच्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल नवी का, आजी?"

"नाही हो, जुनीच. पण कालपासून चावायला लागलीय. आता म्हातारपणी सासुरवास करतेय मेली."

सिस्टर खाली उकिडव्या बसल्या. चपलेच्या पट्ट्याचा वळ पाहिला, नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा तसाच राहिला. त्यांनी आईला काट्यावर उभं केलं. सत्तावन्न. मग कुठे वही उघडली, तो लाल चार पाहिला आणि वही मिटली. औषधाची मात्रा बदलली. पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ फोन केला. आईला भरती करावं लागलं नाही. त्यानंतर ती अकरा महिने जगली, तेही स्वतःच्या घरात, शब्दकोड्यांशी भांडत.

मी पत्र मागायला गेले तेव्हा सिस्टर जेवत होत्या. मी वही टेबलावर ठेवली.

"हा चार माझा आहे."

"माहीत आहे मला."

"तेव्हापासून?"

"लाल पेन कुणाचं ते आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'आमची लेक औषधाच्या खोक्यावरचंसुद्धा तपासून देते' म्हणाल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या समोर बसल्या होत्या. त्यांना औषध हवं होतं, तुमची उलटतपासणी नको होती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि तुमचा चेहरा पाहिला ना मी. कळलेलंच पुन्हा सांगून काय करायचं?"

मी दोन्ही अर्ज काढले. "तुम्ही कुठल्या रस्त्यानं आलात?"

"छोट्या."

मला हायसं वाटलं.

"पण त्याआधी नऊ वर्षं इथेच मावशी होते, पदवी बाहेरून केली. अंघोळी घातल्या, कुशी बदलल्या, भांडी उचलली. चप्पल का चावते, ते मला त्या नऊ वर्षांनी शिकवलं. तुमच्याकडे काय आहे?"

"वाचन."

"ते लागतंच. पण आकडा विचित्र दिसला, तर आधी काय कराल?"

"माणसाकडे बघेन."

"आत्ता म्हणताय. बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना तुमची मान आपसूक माणसाकडे वळायला हवी. त्याला किती वर्षं लागतील, ते तुम्ही ठरवा."

मग त्यांनी कागद ओढला आणि सावकाश लिहू लागल्या. चौथी ओळ मी उलट्या बाजूनंच वाचली: 'यांनी एकदा रुग्णाच्या वजनाचा आकडा चुकीचा समजून बदलला. हे त्यांनी मला स्वतः येऊन सांगितलं.'

"हे लिहायलाच हवं का?"

"अहो, तीच तर शिफारस आहे."

घरी येऊन मी सहा वर्षांचा अर्ज भरला आणि दादाला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'मग मी तोवर आजारी पडत नाही.'

छापखान्यात आमची एक खूण असते. खोडलेलं चुकून खोडलं गेलं असेल, तर त्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे जुळणी करणाऱ्याला कळतं की मूळचं होतं तसंच ठेवायचं आहे. अर्ज पाकिटात घातल्यावर मी आईची वही उघडली. बुधवारच्या ओळीत तिच्या थरथरत्या सहाखाली तीन टिंबं दिली.