लंडनला पाऊस आहे

शनिवारी दुपारी पावणेतीनला ल्युबिंकाने लंडनमध्ये पाऊस पाडला.

“आणि साधासुधा नाही, धो धो,” रिमोट ॲप्रनच्या खिशात टाकत ती म्हणाली. “दोन तास तरी सामना सुरू होत नाही म्हणे. तू आपला पड जरा.”

तिहोमिर सोफ्यावर ताठ बसला होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. नातीची विम्बल्डनची फायनल म्हणजे घरातलं कार्यच. त्याने बायकोकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “पाऊस आहे तर पाऊस.”

खोटं बोलायचं तर रेटून बोलावं, हे ल्युबिंका गेल्या चौदा महिन्यांत शिकली होती. त्याआधीच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी एकदाच मोठं खोटं बोलली होती, आणि तेही त्याच्या आईच्या स्वयंपाकाबद्दल. पण गेल्या वर्षी मे महिन्यात, नातीचा, नेवेनाचा, पॅरिसचा सामना बघताना, टायब्रेक ऐन रंगात आलेला असताना तिहोमिर खुर्चीतून खाली आला. ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी छाती उघडून, दुरुस्त करून त्याला परत दिला आणि बजावलं, जिवाला घोर लागेल असं काही नको. टेनिस तर नकोच नको.

आता तिहोमिरला टेनिस नको म्हणजे माशाला पाणी नको. नेवेना पाच वर्षांची असल्यापासून त्यानेच तिला गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारायला शिकवलं होतं. शेवटी ल्युबिंकाने मार्ग काढला. हल्लीच्या टीव्हीत होऊन गेलेला कार्यक्रम मागे नेता येतो. सामना ती आधी स्वतः बघायची, समोरच्या झागोर्काच्या घरी. नात जिंकली, की घरी येऊन पहिल्यापासून लावायचा, जणू आत्ताच चाललाय. हरली, की “आज दाखवतच नाहीत मेले,” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीबरोबर हळूच सांगून टाकायचं. नवरा जगला पाहिजे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. विम्बल्डन आल्यावर तर काम सोपंच झालं, कारण लंडनला पाऊस पडतो यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवतं.

अडचण होती ती इमारतीची. जुलैचा उकाडा, सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या, आणि आपल्या वाल्येवो गावची मुलगी लंडनला खेळतेय. ल्युबिंकाने चारही मजले चढून घरोघरी शपथा घातल्या होत्या. टाळी नाही, शिवी नाही, आरोळी तर नाहीच. गुरुवारी सेमीफायनल जिंकल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा एक जण तरीही ओरडलाच. त्याचं वॉशिंग मशीन फुटलं म्हणून तिने वेळ मारून नेली.

झागोर्काच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तिला हुकूम सुटला.

“उभी राहा. फ्रिजपाशी. गुरुवारी तिथेच उभी होतीस.”

“माझे गुडघे, झागा...”

“तुझे गुडघे सोमवारी बघू.”

झागोर्काचा नवरा मिलोये टेबलावर पाय ताणून बसला होता. पहिल्या फेरीपासूनचे मोजे त्याने अजून धुतले नव्हते.

“वास मारतोय,” ल्युबिंका म्हणाली.

“पोरगी जिंकतेय ना? मग मारू दे.”

टीव्हीचा आवाज कुजबुजीएवढा. पहिला सेट नेवेनाने सहा-चार घेतला. मिलोयेने तोंडात नॅपकिन कोंबून आनंद साजरा केला. ल्युबिंका घरी डोकावून आली.

“थांबला का?” तिहोमिरने विचारलं.

“कमी झालाय थोडा.”

त्याचा चेहरा पांढरा दिसला, पण तिने ते उकाड्यावर ढकललं.

दुसरा सेट हां हां म्हणता हातचा गेला, सहा-तीन. समोरची चेक मुलगी काही केल्या चुकत नव्हती. ल्युबिंका पुन्हा घरी गेली तर नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हात छातीवर होता.

“काही होतंय का?”

“काही नाही. पाऊस फार लांबला.”

तिने त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली. मग ती परत फ्रिजपाशी आली. आज हरली तर सांगायचं काय? एखादा सामना दाखवत नाहीत हे चालून जातं. फायनल दाखवली नाही, हे कोण मानेल? फ्रिजला टेकून ती कारणं शोधत राहिली. वीज गेली म्हणावं? डिश पडली म्हणावं? इकडे पडद्यावर तिसऱ्या सेटमध्ये तीन-तीन झाले, चार-तीन झाले, आणि पाच-तीन झाले तेव्हा पाच चेक मुलीचे होते.

“आता एका गेमचं काम,” मिलोये म्हणाला आणि झागोर्काने त्याला लाथ मारली.

ल्युबिंकाला बघवेना. ती दार उघडून समोर आली, आपल्या घराचं दार ढकललं, तर दारामागेच तिहोमिर उभा. एक हात भिंतीला.

“हरतेय ना?” तो म्हणाला.

“अरे, पाऊस...”

“ल्युबा, त्या मधल्या कोर्टाला छप्पर आहे. कित्येक वर्षं झाली. पाऊस आला की ते ओढून घेतात आणि खेळ चालू. गुरुवारचाही सामना तिथेच होता.”

एवढं रेटून खोटं बोलली, पण छपराची गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती. टेनिस तिने या माणसासाठी सोसलं होतं, समजून कधी घेतलं नव्हतं.

“गुरुवारपासून माहीत होतं तुला?”

“कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“मग बोलला का नाहीस?”

“गुरुवारी तू हसत आलीस, टीव्ही लावलास. म्हटलं जिंकली, मग कशाला तुझा विरस करू?” त्याने तिचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आतली धडधड तिच्या तळव्याला लागली, वेडीवाकडी, घाईघाईची. “हे बघ. हे सामन्याने होत नाही. तू दार ओढून घेतेस ना, तेव्हा सुरू होतं. शनिवारची दुपार आणि अख्ख्या इमारतीत कोणी शिंकतसुद्धा नाही. मी इथे बसून काय समजायचं? तू मला सामन्यांचं लोणचं घालून वाढतेस, ल्युबा. मला ताजं दे.”

“आणि तुला काही झालं तर?”

“दार लावून बसलो तरी होईलच.”

ल्युबिंकाला त्या क्षणी टेनिसचा मनापासून तिरस्कार वाटला. नातीचासुद्धा वाटला, निमिषभर, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मे महिन्यातले ते निळे ओठ तिला रोज रात्री दिसत होते. तिला हा माणूस हवा होता, कसाही, अर्धवट सत्यावर जगणारा का होईना. पण तळव्याखालची धडधड खोटी नव्हती, आणि ती आपणच चौदा महिने लावून दिली हे तिला कळून चुकलं. तिने खिशातून रिमोट काढला. घाईत आधी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला.

मग हिरवं गवत दिसलं. चेक मुलगी सर्व्हिस करत होती, तीस-तीस. दोन गुण मिळाले की विजेतेपद तिचं. तिहोमिर सोफ्यावर बसला, आणि ल्युबिंका शेजारी, त्याचं मनगट धरून. नेवेनाने दोन्ही गुण ओढून घेतले, दुसरा तर रेषेला घासून. पाच-चार.

तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली. मग झागोर्काच्या घरातून, मग खालून. टीव्हीचा आवाज ऐकून इमारत काय ते समजली होती, आणि आता शपथ कोणी मानेना.

खेळाडू खुर्च्यांवर जाऊन बसल्या. नेवेना टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती.

“एक विचारू?” तिहोमिर पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “हरली की ती मला फोन करत नाही. आधी करायची. गाडीत बसल्या बसल्या, रडत. आता फक्त जिंकली की करते. मोठी झाली म्हणून का?”

ल्युबिंकाने त्याचं मनगट सोडलं.

“मी सांगितलं तिला,” ती म्हणाली. “हरलीस तर आजोबांना फोन करायचा नाही. माझ्या मोबाइलवर कर. त्यांना झेपायचं नाही.”

वळून त्याने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “चौदा महिने,” एवढंच तो म्हणाला, आणि तिकडे पंचांनी वेळ झाल्याचं पुकारलं.

नेवेनाची सर्व्हिस. टिकायचं तर हा गेम हवाच. पहिला गुण मिळाला, मग दोन गेले, एक आला, एक गेला. तीस-चाळीस. ल्युबिंकाने पुन्हा मनगट धरलं. पहिला मॅच पॉइंट नेवेनाने सर्व्हिसवर वाचवला. चेक मुलीने दुसरा आणला, तो तिने जाळ्यापाशी धावत जाऊन वाचवला. इमारत किंचाळत होती, आणि ल्युबिंका पडद्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याच्या ओठांकडे बघत होती. ओठ आपल्या रंगाचे होते. मनगटातले ठोके जोरात होते, पण एका लयीत.

तिसरा मॅच पॉइंट. पहिली सर्व्हिस जाळ्यात.

“मागे उडवू नकोस,” तिहोमिर हळूच म्हणाला. “पुढे, बाळा, पुढे.”

दुसरीही जाळ्यात.

चेक मुलगी गवतावर आडवी झाली. आरोळ्या मध्येच तुटल्या आणि एकेक खिडकी लागत गेली. तिहोमिर बसून होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता, पण श्वास नीट चालला होता. हुंदके द्यायला लागली ती ल्युबिंका. त्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, “पाणी पी.” बक्षीस समारंभ दोघांनी शेवटपर्यंत बघितला. नेवेनाने उपविजेतीचं चांदीचं ताट घेतलं, सगळ्यांचे आभार मानले, हसली. ते हसू पाहून तिहोमिर नुसता “हं” म्हणाला.

पाऊण तासाने ॲप्रनच्या खिशात मोबाइल वाजला. ल्युबिंकाने तो कानाला लावला. नेवेना कुजबुजत होती.

“आजी, आजोबा दुसऱ्या खोलीत आहेत ना? त्यांना काय सांगितलंस? मी जिंकल्यासारखं बोलू का त्यांच्याशी? बोलते मी, मला जमेल.”

ल्युबिंकाने मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

“थकलीस की चेंडू डोक्याच्या मागे उडवतेस,” तिहोमिर म्हणाला. “पाच वर्षांची होतीस तेव्हापासून.”

“आजोबा?” नेवेना म्हणाली.

“मी बघत होतो, बाळा. शेवटचे दोन गेम, तुझ्याबरोबर. माझं छान चाललंय. आता रड.”

आणि मग लंडनहून ती रडायला लागली. लहानपणी गुडघे फोडून घरी आल्यावर रडायची तशी, मोठ्यांदा, मध्ये श्वास घेत. तिहोमिर मोबाइल कानाला घट्ट धरून ऐकत राहिला, आणि ल्युबिंकाने उठून टीव्ही बंद केला.