साय आणि खरवड

हिरामणने स्टीलच्या पेल्याचं बूड लसणीवर दाणकन आपटलं. सालं सुटी झाली, पाकळ्या चेपल्या आणि कट्ट्यावरच्या डब्यांची झाकणं एकदम वाजली. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको जनी दचकली.

"कट्टा फुटंल, आवो."

"फुटला त नवा बांदू. तू गप बस."

जनीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. विहिरीजवळच्या शेवाळावर पाय घसरला, हात अंगाखाली आला आणि अलिबागला जाऊन पांढराशुभ्र होऊन परतला. तेव्हापासून शेजारच्या रचनाचा डबा येत होता. पण शेजाऱ्याच्या डब्यावर माणूस किती दिवस काढणार? पनवेलला राहणारी मुलगी प्राप्ती रोज फोनवर एकच सांगत होती, आईला मी घेऊन जाते. जनीला जायचं नव्हतं. लेकीचं घर चांगलं, जावई चांगला, पण उंच मजल्यावर तिला झोप लागत नसे, आणि दिवसभर पाहुणीसारखं सोफ्यावर बसायचं म्हणजे तिला शिक्षाच वाटे. हिरामणनेच मग सांगून टाकलं, आई कुठं जात नाही, मी रांधतो. प्राप्ती खूप वेळ हसली. शेवटी बापलेकीत ठरलं ते असं, की आज बाबांनी स्वतः काहीतरी करून आईला पोटभर जेवू घालायचं. जमलं तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी गाडी दारात.

भाकरी थापणं हिरामणला या जन्मी जमणार नव्हतं. म्हणून सोपी वाट लेकीनेच दाखवली. नात अमिषा मे महिन्यात येऊन गेली तेव्हा पास्त्याचं एक पाकीट फळीवर राहिलं होतं. एकाच कढईत होतो, बाबा. कांदा-लसूण परतायचा, पास्ता टाकायचा, दूध-पाणी घालून आटवायचं. क्रीम नसेल तर साय. पाणी मात्र फेकायचं नाही, दाटपणा त्यानेच येतो.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं जनीच्या मनात आलं. या माणसाने आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा आपल्या हाताने भरून घेतला नव्हता.

पण हिरामणने कांदा तळहातावरच धरला आणि सुरी उभी-आडवी फिरवत थेट कढईत चिरला. एक तुकडा बाहेर पडला नाही. फडक्याने कढईची कड पुसली, गॅस बारीक केला, तेलात लसूण तांबूस होईपर्यंत थांबला. जनी खुर्चीत जरा पुढे सरकली.

"सोडे टाकू मूठभर?"

"दुदात सोडे?"

"पोरीला कोन सांगतंय?" म्हणत त्याने बरणीतून सुकवलेली कोलंबी काढली, चोळून धुतली आणि कांद्यावर टाकली. घरभर ओळखीचा वास सुटला. मग पास्ता पडला, त्यावर पाणी आणि दूध.

"पानी लय झालं. भातासारकं वेलून टाका," जनी बसल्या जागेवरून म्हणाली.

"फेकायचं न्हाय सांगलंय पोरीनं. उंटावरशी शेल्या नको हाकूस."

जनीला हसू आलं. मग तिने विचारलंच.

"कुठं शिकलात ह्ये?"

"गाडीवर." हिरामणची नजर कढईतच होती. "बंदरातना कंटेनर घेऊन निंगलो का तीन-तीन दिस रस्त्यावं. धर्माजी किलीनर हुता, त्याला चायपन धड येत नव्हती. मंग मीच स्टो पेटवायचो. एक टोप, त्याच्यान सगला."

"मंग घरी कवा केलं न्हाय?"

तो ढवळत राहिला.

"घरी तू हुतीस ना."

उत्तर खरं होतं, म्हणूनच तिला लागलं. मलेरियाचा ताप अंगात असताना ती चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली होती आणि हा पाटावर बसून वाट पाहत होता, ते तिला आठवलं. त्या वेळी त्याचं काही वाटलं नव्हतं. आज ते सरावलेले हात बघताना वाटलं. तरीही कढईत दूध दाटत होतं आणि ते तिच्यासाठी दाटत होतं. राग धरायचा म्हटलं तरी तो हातात टिकेना.

हिरामणने वाटीभर साय घालून मिरपूड भुरभुरवली. पास्त्यावर पांढरा, तुकतुकीत थर चढला. आता गॅस बंद करायचा, तर त्याने तो उलट मोठा केला आणि हात बांधून उभा राहिला. बुडाशी चर्रर्र झालं.

"लागतंय, आवो!"

"लागू दे."

"करपंल!"

"माज्यावं सोड."

जळकट वास आला आणि जनीला प्राप्तीची गाडी दारात दिसायला लागली. एवढं सगळं जमवून शेवटच्या क्षणी माती केली. जाणत्या हाताने अशी चूक करावी याचं तिला नवल वाटलं.

त्याने दोन ताटं मांडली. जनी सवयीने म्हणाली, "तुमी घ्या आदी."

"हात मोडलाय तुजा, पोट न्हाय."

एका ताटात त्याने वरचा पांढरा, मऊ पास्ता वाढला. मग उलथन्याने कढईचं बूड खरवडलं. तपकिरी, काळपट पापुद्रे निघाले, ते सगळे दुसऱ्या ताटात घातले, वर दोन-चार पांढरे तुकडे टाकले आणि ते ताट जनीपुढे ठेवलं.

जनी ताटाकडे बघत राहिली. म्हणजे आजसुद्धा आपल्या वाट्याला बूडच.

"मुद्दाम लावली," हिरामण म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "तुला खरवड आवडते ना. भात असू दे, कालवन असू दे, टोप खरवडून तूच घेतंस. कवा कोनाला दिली न्हायस. म्हटला, आज कडक करून देऊ."

सगळे जेवून उठले की टोपात तेवढंच उरायचं, म्हणून जनी ते खायची. मान खाली घालून जेवणाऱ्या, जेवून हात धुऊन ओटीवर जाणाऱ्या या माणसाला बायको काय खाते हे ठाऊकच नाही, अशी तिची इतक्या वर्षांची खात्री होती. आणि तो बघत होता. चुकीचं समजला होता, पण बघत होता. तिला रडू आलं आणि फार बरंही वाटलं.

फोन वाजला. हिरामणने तो स्पीकरवर टाकला.

"काय मग आई? जमलं का बाबांना? की उद्या निघू सकाळीच?"

हिरामण श्वास धरून जनीकडे बघत होता.

"नको येऊ," जनी म्हणाली. "मी हिथंच बरी हाय. तुज्या बापानं माज्या आवडीचं केलंय."

"खरंच? चांगलं झालंय?"

"लय चांगलं झालंय. ठेव आता, जेवतंय मी."

तिने डाव्या हाताने चमचा धरला, एक काळा पापुद्रा तोंडात घातला आणि चावायला लागली. हिरामण कौतुकाने बघत होता. मग त्यालाही मोह झाला. त्याने तिच्या ताटातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

त्याचं चावणं हळू होत गेलं.

"कडू हाय गो," तो म्हणाला.

"व्हय."

"नेमी अशीच असती?"

जनी चमच्याने दुसरा पापुद्रा जमवायला लागली. हिरामणने तिच्या हातातला चमचा काढून घेतला, तिचं ताट आपल्याकडे ओढलं आणि आपलं पांढऱ्या पास्त्याचं ताट तिच्यापुढे सरकवलं. चमचा पुसून तिच्या डाव्या हातात दिला.

"खा," तो म्हणाला. "निवतंय."