मोतीबिंदू पिकेपर्यंत

आमच्या घरात मराठी पुस्तक शिरलं ते जिऱ्याच्या पुडीतून.

छावणीतल्या त्या घरात मी सून म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य बुडवणारी पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माझे सासरे रामकिसनराव अजून तिच्या अलीकडेच राहत होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, तहसिलीतली नोकरीही उर्दूत. पुढं कचेरीचा कारभार मराठीत गेला, तशी मामंजींनी नोकरी सोडली आणि घरी येऊन आपल्या किताबांत बसले. शिकारीच्या हकीकती, जासुसी कादंबऱ्या, हकिमीची पुस्तकं, बादशहांचे इतिहास, त्यांना काहीही चालायचं. मराठी बोलायला फर्डे, पण बालबोध अक्षरं एकेक जुळवत वाचायचे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची.

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. उर्दू वाचून दाखवणारे त्यांचे दोस्त वहाबसाहेब मुलाकडं हैदराबादला निघून गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकल्याशिवाय काढता येत नाही. तेव्हाची रीतच तशी होती. आढीतला आंबा बघावा तसं सगळं घर त्या डोळ्यांकडं बघत बसलं होतं. आणि मामंजी ओसरीवरच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. ताट अर्धं परत यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "भूक नाय."

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. राग नव्हता, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही. पाणी हवं असलं तर ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, सांगणार आणि आत्याबाई मला. आत्याबाई घरात नसल्या तर मामंजी उंबऱ्याला सांगायचे, "घरात कुणी असंल तर पाणी द्यावं." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची, बांगड्या वाजवायची आणि मागं सरायची. एकाच घरात राहणाऱ्या दोन शहाण्या माणसांनी मध्ये एका लाकडाला दुभाषा करून ठेवलं होतं. मला त्याचं तेव्हाही हसू यायचं, पण पदरात.

माझं माहेर लासूर स्टेशनचं. तिथं मी सातवीपर्यंत शिकले आणि एक खोड घेऊन आले. छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवायचं नाही. सासरी मराठी पुस्तक नव्हतं, आणि असतं तरी आत्याबाईंचं मत पक्कं होतं: सुनेच्या हातात पुस्तक म्हणजे चुलीत पाणी. म्हणून मी वाण्याच्या पुड्या वाचायची.

एका दुपारी आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. जिऱ्याची पुडी सोडली तर कागद कुठल्याशा कादंबरीतला. मामंजी झोपले असतील असं धरून मी शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. एक माणूस दोराला धरून विहिरीत उतरतो, वर कुणाची तरी सावली पडते, दोरावर चाकू चालतो, आणि कागद संपला. पुढचं पान बहुतेक कुणाच्या तरी मोहरीला गेलं असावं.

"मग? मेला का वाचला?" ओसरीवरून आवाज आला.

मी कागद चटकन पदराखाली लपवला.

"कुणी वाचत असंल त्याला म्हणतो मी," मामंजी उंबऱ्याला म्हणाले. "माणसाला असं इहिरीत लटकवून जाऊ नाय."

संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. आमचे हे, नाव कारभारी, स्टेशनवर मालगोदामात कारकून होते. "कारभारी, उद्या कामावरून येताना वाचनालयाचं कार्ड काढून आण. मराठी किताबांचं."

"कुणासाठी?" आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाय, मला अक्षर येत नाय."

"ऐकणारा मी हाय. वाचणारं कुणीबी असू द्या."

आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. पण पुस्तक आल्यावर मी दाराआड बसून वाचलं आणि मामंजींचं ताट पुसल्यासारखं रिकामं आलं. तेव्हा आत्याबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्यासाठी वाच. त्यांचे डोळे येईपर्यंत. मग ही थेरं बंद." मी मान डोलावली. डोळे येईपर्यंत तर डोळे येईपर्यंत, उपाशी माणूस ताटाचा काठ बघत नाही.

आता पुस्तक आणायचं काम ह्यांच्याकडं, आणि ह्यांना पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं. वारंवार जावं लागू नये म्हणून हे टेबलावरचं सगळ्यात जाड पुस्तक उचलून आणायचे. त्यामुळं आमच्या वाचनाला आगा ना पिछा. या आठवड्यात मोसंबीची लागवड, पुढच्या आठवड्यात दरोडेखोर. त्यावर ताऱ्यांचं शास्त्र, मग कुठल्या तरी राणीचं चरित्र, मग कोंबडीपालन, मग उत्तर ध्रुवाकडं निघालेली बोट. मी म्हटलं, जरा निवडून आणा. तर हे म्हणाले, "निवडायला ते काय तांदूळ हायेत?"

पण खरं सांगते, निवडून वाचलं असतं तर मला एवढं मिळालं नसतं. मोसंबीच्या मुळाला पाणी कसं द्यावं हे वाचताना मामंजी उठून बसायचे. राणीच्या चरित्रात लेखकानं तिच्या पणजोबापासून सुरुवात केली तेव्हा उंबऱ्याला म्हणाले, "नमनालाच घडाभर तेल. बाईसाहेब जन्माला कवा येणार?" मी तोंडात पदर कोंबून हसले आणि पणजोबांना वगळून पुढं गेले. ताऱ्यांच्या पुस्तकानंतर ते संध्याकाळी अंगणात मान वर करून बसायचे. काही दिसत नव्हतं, पण बसायचे.

एकदा कादंबरीत आई मेली. मी वाचता वाचता हुंदके द्यायला लागले, आवाज काही आवरेना. तेवढ्यात समोरच्या शमशादबी डोक्यावर ओढणी घेत धावत आल्या आणि आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागल्या, "हाय अल्ला, रामकिसनभाई! कल तो अच्छे थे!" ओसरीवर मामंजी खडखडीत जिवंत. "बेगम, मी हाय," ते म्हणाले. "गेली ती किताबातली बाई." शमशादबींनी डोळे पुसले आणि तिथंच फतकल मारून बसल्या. "कौन थी? शुरू से सुनाओ," म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या दुपारीला त्याही यायच्या, आणि दरोडेखोरांच्या पुस्तकाची फर्माईश करायच्या.

पंचाईत झाली ती एका प्रेमकथेनं. जाड होती, म्हणून आली. सासऱ्याला ऐकू जाईल असं ते कसं वाचायचं? नायक-नायिकेची नदीवर नजरानजर झाली, पुढची पानं बघून माझे कान तापले, आणि मी एकदम उडी मारली ती शेवटच्या प्रकरणात, बारशाला.

मग मामंजी खाकरले. "नदीवर बघितलं आन् लगोलग बारसं? मराठी माणूस लई घाईचा दिसतोय."

आत्याबाईसुद्धा हसल्या. मी त्यांना हसताना फारसं बघितलेलं नव्हतं.

असे दिवस गेले. त्या दाराआडच्या जागेवर बसून मी समुद्र बघितला, बर्फ बघितलं, राजांची भांडणं बघितली आणि कोंबडीला कोणता रोग कशानं होतो तेही शिकले. बाकीचा दिवस मी कुणाची तरी सून, कुणाची तरी बायको. दुपारी तेवढी मी कुणीच नसायची, नाहीतर सगळं असायची. मामंजींना दिसावं असं मला अगदी आतून वाटायचं. देवापुढं दिवा लावताना तेच मागायची. आणि त्यांना दिसलं की माझ्या हातातलं पुस्तक गेलं, हेही त्याच क्षणी कळायचं. मामंजी डॉक्टरकडून परत आल्यावर आत्याबाई "पिकला का?" विचारायच्या तेव्हा माझ्या हातातलं काम थांबायचं.

मोतीबिंदू अखेर पिकला. शहरातल्या दवाखान्यात मामंजींचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. तिकडं सुनेनं जायचं नव्हतं. मी घरी डबा करत राहिले आणि रोज ह्यांना विचारत राहिले, दुखतंय का, झोप लागते का. जाड भिंगांचा चष्मा लावून मामंजी टांग्यातून उतरले तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. त्यांनी आधी कडुनिंबाकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं, आणि म्हणाले, "तुम्ही म्हाताऱ्या झालात की." आत्याबाई रडल्या. मीही रडले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ह्यांच्या हातात पुस्तक दिलं. "हे नेऊन दे आन् कार्डबी मोडून टाक. आता त्यांचं ते वाचतील." पुस्तक अर्धं राहिलं होतं. ठरलंच होतं तसं.

मामंजींनी ट्रंकेतून आपली उर्दू किताब काढली. दुपारी ते ओसरीवर वाचत बसायचे, मी आत दाणे निवडायची. पान उलटल्याचा आवाज यायचा तेवढाच. शमशादबी एकदोनदा डोकावून गेल्या आणि यायच्या बंद झाल्या. घर पुन्हा नीट चालू लागलं, आणि मला जेवण जाईना. ताट अर्धं ठेवून उठले की आत्याबाई विचारायच्या, "काय झालं गं वच्छला?" मी म्हणायची, काही नाही.

एका दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. ते वाचत होते, मोठ्यानं. उर्दू ओळ डोळ्यांनी उचलायची आणि मराठीत बोलायची, अडखळत, शब्द शोधत. एक सौदागर परमुलखातून घरी येतो. दार आतून बंद. तो हाक मारतो, तर आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी ओ देतं.

"आवं, मनातल्या मनात वाचा की," आत्याबाई म्हणाल्या. "सारी गल्ली ऐकतीया."

"मनातल्या मनात वाचून बघितलं. आता पोटात उतरत नाय. एकट्यानं हसू येत नाय, एकट्यानं भ्या वाटत नाय." मग म्हणाले, "मी आंधळा व्हतो तवा कुणी तरी मला साऱ्या दुनियेतून फिरवून आणलं. आता मला दिसतंय तर त्या माणसानं अंधारात बसायचं, हा कुठला इन्साफ? कारभारीला सांगा, कार्ड फिरून काढ. एक दिवस मराठी किताब, एक दिवस उर्दू."

"आन् घरातली कामं?"

"कामं कुठं पळून जात नाय, सारजाबाई. माणसं जात्यात."

मामंजी पुन्हा वाचायला लागले. सौदागरानं दाराला कान लावला. आतून पावलं जवळ आली. कडी वाजली. आणि मामंजी थांबले.

"सांगणाऱ्याला हुंकारा पायजे," ते म्हणाले. "त्याबिगर गोष्ट पुढं जात नाय."

"हूं," आत्याबाई वैतागून म्हणाल्या.

"तुमचा नव्हं."

माझे हात पिठात थांबले. त्या घरात मी दरोडेखोराच्या आवाजात बोलले होते, राणीच्या बोलले होते, बोटीच्या कप्तानाच्याही. माझ्या स्वतःच्या आवाजात मामंजींशी एक अक्षर बोलले नव्हते. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं, चांगलं बराच वेळ. मग सूप पुढं ओढलं आणि पाखडायला घेतलं.

"म्हण की," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "पीठ वाळायलंय तुझं."

"हूं," मी म्हणाले.

तो हुंकारा इतका हळू निघाला की मलाच पुरला नाही. म्हणून मी उठले, पिठाचे हात तसेच घेऊन दारात आले आणि चांगलं मोठ्यानं विचारलं, "मग पुढं? आत कोण होतं, मामंजी?"

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि माझ्याकडं बघितलं.

"सांगतो, वच्छला," ते म्हणाले. मग उंबऱ्याकडं तोंड करून बसले आणि थांबलेल्या ओळीवर बोट ठेवलं.