कुलूप काढलेली सकाळ

मी एक जुने लाकडी फाटक आहे. मोडीत निघालेल्या गाडीच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले. मित्रांनो, मला लाथेने उघडणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला आणले मालकिणीने. घराची ती सून. घरामागे दीड एकर चराऊ रान होते. रान कसले, टक्कल पडलेली जमीन. तीन गायी दिवसभर तेच तेच कुरतडायच्या. मालकिणीने तारा ओढून त्याचे चार तुकडे केले. एकात जनावरे, बाकीचे तीन विश्रांतीला. पाट्या वाहून शेणखत पसरले, मोकळ्या जागी लसूणघास पेरला.

"गवताला कुणी जेवायला वाढतं का?" सासरे ओट्यावरून हसायचे. दोन वर्षांत गवत गुडघ्याला लागले, तेव्हा तेच सासरे लोकांना हाताला धरून दाखवायला आणू लागले. जाता जाता माझ्याही पाठीवर थाप मारायचे.

मग पलीकडच्या चुलत दिराची नजर फिरली. मालकीण संध्याकाळी दूध घालायला गेली की तो यायचा, बुटाने मला ढकलायचा आणि आपल्या दोन गायी विश्रांतीच्या तुकड्यात सोडायचा. तीनदा त्याने रान मुळापर्यंत साफ केले. तिसऱ्यांदा माझी खालची फळी चिरली. वर सासऱ्यांना सांगायचा, "वहिनी फाटक लावायला विसरतात हो. आमच्या गायींना काय कळतंय?"

सासऱ्यांना ते पटले. "यंदाचं झालं की तारा काढ," ते सुनेला म्हणाले. "तुला एक फाटक सांभाळता येत नाही."

तिने माझी फळी खिळे ठोकून सांधली, मला कुलूप घातले. घास पुन्हा दाटला, पण तिच्या नावाला लागलेला बोल काही गेला नाही.

कोवळा, ओला लसूणघास उपाशी गायीने भरपूर खाल्ला तर तिचे पोट फुगते. मालकीण आपल्या गायींना आधी सुका चारा घालायची आणि दव वाळल्यावर थोडाच वेळ आत सोडायची. दिराला याचा पत्ता नव्हता. एके सकाळी, दव असतानाच, तिने कुलूप काढले, कडी नुसती टेकवली आणि घरात निघून गेली. तिचा बेत माझ्या लक्षात आला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला.

कुलूप नाही हे पाहून तो आलाच. तासाभरात त्याच्या तांबड्या गायीची डावी कूस टम्म फुगली. जीभ बाहेर काढून ती धापा टाकू लागली. गुरांचा डॉक्टर लांब होता. दीर धावत मालकिणीच्या दारात गेला. ती तेलाची बाटली घेऊन आली, मागून सासरे.

"फाटक कुणी उघडलं?" तिने विचारले.

"वहिनी, गाय जाईल माझी."

"आधी तीन वेळा कुणी उघडलं? मामंजींना सांगा."

गायीचे पुढचे पाय वाकले. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, आणि माझा आनंद तिथेच विरला. मालकिणीने मात्र बाटलीचे बूच काढले नव्हते.

"मी उघडलं," तो रडत म्हणाला. "प्रत्येक वेळी मीच."

मग तिने तेल पाजले, तोंडात आडवी काठी धरली, गायीला चढावर उभे केले. बऱ्याच वेळाने गायीने मोठी ढेकर दिली.

तो हात जोडू लागला. "गाय घरी न्या," मालकीण म्हणाली. "माझ्याशी बोलू नका."

तो गेल्यावर सासऱ्यांनी माझ्या उघड्या कडीकडे पाहिले. "कुलूप तू काढलंस?"

"हो."

"गाय मेली असती तर?"

"तर मेली असती, मामंजी."

सासऱ्यांनी पुन्हा कधी तारांचे नाव काढले नाही, आणि तिच्यापुढे आवाजही चढवला नाही.

मित्रांनो, गवताला विश्रांती द्या, फाटक हाताने उघडा आणि हाताने लावा. सूड घ्यायचाच असेल तर माणसावर घ्या, त्याच्या जनावरावर नको. त्या माणसाचे रडणे आठवले की मला आजही बरे वाटते. गायीचे डोळे मात्र आठवू नयेत म्हणून मी फार खटपट करतो.