गच्चीवरची पेटी

सासरी सगळे तिला धाकटी म्हणत. नणंदेनं एकदा प्रयोगशाळेत येऊन तशीच हाक मारली आणि तिथंही तेच नाव चिकटलं ते चिकटलंच.

नवरा रसायनतज्ज्ञ, धाकटी इंजिनिअर. नवऱ्यानं उमेदीची वर्षं खर्ची घालून एक केशरी प्लास्टिक घडवलं होतं. दिसायला साधं, पण कार्बनच्या लांब साखळ्यांचं, आतून वीज खेळवणारं. त्याच्या क्षेत्रातले लोक त्याला सेंद्रिय अर्धवाहक म्हणत. काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, वर पाणी सोडायचं आणि उन्हात ठेवायचं. उन्हाच्या जोरावर पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघे. पुढं एका पडद्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा. थर त्याचा, काचेची पेटी, नळ्या, झडपा हिच्या. भांडणं दोघांची.

आज दाराएवढी पेटी प्रयोगशाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवली होती. ती चालताना पाहायला आलेले पाहुणे खाली चहा घेत होते. नणंद हौसेनं आली होती आणि तिथंच सुती चादर घातलेल्या लांब टेबलावर पाण्याचे पेले मांडत होती.

पेटीतला वायू पडद्याकडे जाताना वाटेतल्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत जाई. धाकटीचं सकाळपासून त्या बाटलीवरच लक्ष होतं.

"अरे, बाटली गप्प झालीय."

"नळीत पाणी अडलं असेल. सुटेल."

"पेटीत तर बुडबुडे उसळतायत. वायू तयार होतोय, बाहेर जात नाहीये."

नवऱ्याचं अर्धं लक्ष जिन्याकडे. "पाहुणे उठलेत वाटतं. आता कशाला हात लावू नकोस."

धाकटी वाकली. पेटीच्या तोंडाशी केशरी पापुद्रे गोळा झाले होते. थर काचेवरून सुटत होता आणि त्यानंच तोंड बुजवलं होतं. जास्तीचा दाब सोडणारी झडपही तिनं त्याच तोंडावर बसवली होती.

काच कुरकुरली. कोपऱ्यातल्या रबरातून बारीक सूंऽ ऐकू येऊ लागलं.

"गळतंय!" ती म्हणाली. "ऊन तोडायला पेटी झाकू या. दोन्ही वायू एकत्र आहेत. एक ठिणगी पुरे."

"गच्चीवर कुठली आलीय ठिणगी?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. पेटीच्या अगदी शेजारी लिफ्टच्या मोटरची खोली होती, खिडकी सताड उघडी. खालून कुणी बटण दाबलं की मोटर चालू होणार आणि ठिणगी पडणार.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो म्हणाला, "झाकली तर आज काहीच दाखवता येणार नाही गं. ऊन थोड्या वेळात शेजारच्या इमारतीमागे जाईल."

"नाही दाखवता आलं तर नाही! वन्सं, जिन्यानं खाली पळा. कुणालाही लिफ्टमध्ये पाय ठेवू देऊ नका!"

"माझे गुडघे—"

"वन्सं, पळा!"

नणंदेनं त्या आवाजातच काय ते ओळखलं. जाता जाता तिनं गळ्यातली ओढणी काढली. "झाकायला ही घे."

"नको, ती रेशमी आहे. घासली की ठिणगी पडेल."

धाकटीनं टेबलावरची चादर हिसडली. पेले खळाखळा फुटले. टेबलाखालच्या पाण्याच्या बादलीत चादर बुचकळून तिनं एक टोक उचललं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो क्षणभर जागचा हलला नाही. मग पुढं झाला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. ओली, जड चादर पेटीवर पसरली. आत अंधार झाला.

झडप अडली तरी ऊन अडवता येत होतं. पण आधीच कोंडलेला वायू अजून गळतच होता. दोघं पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. खालून नणंदेचा चढा आवाज येत होता: "अहो, एवढे शिकलेले तुम्ही, चार पायऱ्या चढल्यानं काय झिजणार आहात? लिफ्ट बंद म्हणजे बंद!"

वारा होता, ते नशीब. सूंऽ हळूहळू बारीक होत गेलं आणि थांबलं. बराच वेळ दोघांपैकी कुणी उठलं नाही. शेवटी धाकटीनं ठिणगी न पाडणाऱ्या पितळी पान्यानं तोंडाची नळी हलक्या हातानं सोडवली. पाण्याबरोबर केशरी पापुद्रे बाहेर आले. नवऱ्यानं ते तळहातावर घेतले, बोटानं चोळले. धाकटीला रागवायचं होतं, पण त्याच्याकडे पाहून राग कुठल्या कुठे गेला.

पाहुणे धापा टाकत वर आले तेव्हा त्यांच्यासमोर फुटके पेले आणि एक झाकलेली पेटी होती. काय सांगायचं याची जुळवाजुळव धाकटी मनात करत होती. तेवढ्यात नवराच पुढं झाला.

"आज दाखवण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "माझा थर काचेवरून सुटला. पेटी झाकली नसती, तर तुम्हाला वर बोलावणं जिवावर बेतलं असतं."

कुणी घड्याळ पाहिलं, कुणी घसा खाकरला. एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र पापुद्रे मागून घेतले आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिले. "पाणी तर फुटत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो. भरपूर," धाकटी म्हणाली.

बाई हसल्या आणि इतरांमागून जिना उतरू लागल्या.

नणंद काचा गोळा करत पुटपुटत होती. नवरा टाकीला टेकून बसला होता.

"पुन्हा करू या?" त्यानं विचारलं.

"आधी मी झडपेला वेगळं तोंड देते," धाकटी म्हणाली. "तोवर तू तुझा थर नीट चिकटवायचं बघ."